रॉबर्ट मार्सेलस: वीस वर्षं क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रात, वीस वर्षं शिकवण्याच्या खोलीत

पावा:

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर इथे अधूनमधून धागे निघतात, पण ते पियानो, व्हायोलिन आणि मोठ्या संगीतकारांपाशीच घोटाळतात. क्लॅरिनेटवर शोधून एकही सापडला नाही, म्हणून हा काढते आहे. मी हौसेने क्लॅरिनेट वाजवते. माझे शिक्षक ज्यांच्याकडे शिकले, ते रॉबर्ट मार्सेलस यांचे विद्यार्थी. तेव्हा मी तटस्थपणे लिहिणार नाही, हे गृहीत धरा.

मार्सेलस यांचं नाव निघालं की लोक त्यांच्या मोझार्टच्या रेकॉर्डबद्दल बोलतात. रेकॉर्ड थोर आहेच. पण मला वाटतं त्यांचं त्याहून मोठं काम पुढे झालं. डोळे अधू झाल्यावर, मंच सुटल्यावर, एका विद्यापीठात एकेका मुलाला समोर बसवून.

जन्म १ जून १९२८, नेब्रास्कातलं ओमाहा. लहानपणी मिनियापोलिसमध्ये सुरुवातीचं शिक्षण झालं. पोरसवदा वयातच ते वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला क्लॅरिनेटवादक डॅनियल बोनाड यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. सतराव्या वर्षी वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनीत नोकरी लागली. १९५३मध्ये जॉर्ज सेल यांनी त्यांना क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रात मुख्य क्लॅरिनेटवादक म्हणून घेतलं. तेव्हा वय २५.

सेल हे बुडापेस्टमध्ये जन्मलेले, अतिशय कडक शिस्तीचे संचालक. १९४६ ते १९७०, म्हणजे मरेपर्यंत, क्लीव्हलंड त्यांच्या हाती होतं. शंभर माणसांच्या ऑर्केस्ट्राने चौघांच्या मैफलीसारखं एकमेकांना ऐकत वाजवावं, हा त्यांचा हट्ट. अशा ठिकाणी मुख्य क्लॅरिनेटवादकाचं काम काय असतं, ते शूबर्टच्या अपूर्ण सिंफनीच्या दुसऱ्या भागात कळतं. व्हायोलिनं हलक्या, अडखळत्या लयीत धरून ठेवतात आणि क्लॅरिनेट एकटं, अगदी हळू आवाजात लांबलचक ओळ सुरू करतं. मग ती ओळ ओबो (दुहेरी पत्तीचं फुंकवाद्य) उचलतो. आधी गप्प राहायचं, आणि मग पहिल्याच फुंकेला असा सूर काढायचा की तो कुठून सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळू नये. सेल आणि क्लीव्हलंडचं १९६०चं ध्वनिमुद्रण मिळवून ऐका, तो क्लॅरिनेट मार्सेलस यांचा आहे. मेंडेल्सोनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला स्केर्त्सो (चपळ, खेळकर तुकडा) याच्या उलट टोकाला. तिथे सूर तुटक, चपळ, आणि तरीही कुठेही ठोकल्यासारखे नाहीत.

१९६१मध्ये सेल यांच्यासोबत मोझार्टचा क्लॅरिनेट कन्चेर्तो (एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला, अशी रचना) ध्वनिमुद्रित झाला. मोझार्टने तो १७९१च्या ऑक्टोबरात, मरणाच्या दोन महिने आधी, आंतोन श्टाडलर या वादकमित्रासाठी लिहिला. त्याचा संथ भाग पंचमावरून षड्जावर, मग षड्जावरून गंधारावर असा उघडतो. चारच सूर, आणि त्यात लपायला जागा नाही. पहिल्या उडीत उजव्या हाताची मधलं बोट, अनामिका आणि करंगळी ही तिन्ही बोटं एकदम उठावी लागतात. दुसरीत उजवी तर्जनी आणि डावी अनामिका. एक बोट केसभर मागे राहिलं तर मधे भलताच सूर ओझरता वाजून जातो. बोटं झटक्याने उचलली तर सूर बरोबर येतात, पण दोन सुरांमध्ये उचकी लागल्यासारखं होतं. मार्सेलस यांच्या वाजवण्यात ना ते आहे ना हे. कंप नाही, नखरा नाही, श्वास सुराखालून सलग वाहतो आहे एवढंच.

हे त्यांना बोनाडकडून मिळालं, आणि बोनाडना त्यांच्या गुरूकडून. वंशावळ सांगायचा मोह आवरत नाही.

पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) १८३९पासून यासिंत क्लोझे क्लॅरिनेट शिकवत. म्युनिकच्या थेओबाल्ड बोमने बासरीसाठी काढलेली कड्यांच्या चाव्यांची युक्ती त्यांनी ऑग्यूस्त ब्युफे या कारागिराला सोबत घेऊन क्लॅरिनेटवर बसवली. आज जगात बहुतेक ठिकाणी वाजतं ते हेच १७ चाव्यांचं क्लॅरिनेट. त्याला बोमचं नाव आहे, पण ते बोमने केलेलं नाही. क्लोझेंचे विद्यार्थी सिरिल रोझ हे पॅरिस ऑपेराचे मुख्य वादक आणि पुढे त्याच कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक. रोझनी फेर्लिंग या जर्मन ओबोवादकाचे अभ्यासपाठ घेऊन, त्यांत भर घालून क्लॅरिनेटसाठी ३२ पाठ तयार केले. रोझ यांचे शिष्य आंरी लफेब्र, त्यांच्याकडे शिकले जिनिव्हात जन्मलेले बोनाड. बोनाड अमेरिकेत आले, स्टोकोव्स्कींच्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात वाजवू लागले, फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत आणि नंतर न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शिकवू लागले. १९३३ ते १९४१ ते क्लीव्हलंडमध्ये मुख्य वादक होते. म्हणजे मार्सेलस बसले ती खुर्ची एकेकाळी त्यांच्या गुरूचीच.

बोनाडची शिकवण ऐकायला फार साधी. सलग ओळीत बोट उचलायचं ते आस्ते, आधी जराशी चाहूल देऊन. तुटक सुरांत जिभेने पत्ती (तोंडाशी बसवलेली, फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी) थांबवायची, त्या निःशब्द क्षणात बोटं पुढच्या सुरावर नेऊन ठेवायची, मग जीभ सोडायची. वारा मात्र एकदाही थांबवायचा नाही. शिकायला काही मिनिटं लागतात, अंगात मुरायला काही वर्षं.

मार्सेलस यांना मधुमेह होता. त्याने डोळे खाल्ले. १९७३मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी त्यांनी क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रा सोडला. शिकवणं त्याआधीच क्लीव्हलंडच्या संगीतसंस्थेत सुरू होतं. १९७४पासून ते शिकागोलगत एव्हन्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवू लागले आणि १९९४पर्यंत तिथेच राहिले. उन्हाळ्यातल्या त्यांच्या शिबिरांना देशभरातून वादक येत. ३१ मार्च १९९६ला ते गेले.

विद्यार्थ्याची बोटं, ओठांची ठेवण, खांद्यांचा ताण बघून चूक सांगणं ही वाद्य शिकवणाऱ्याची नेहमीची सोय. ती या माणसाजवळ उरली नव्हती. कागदावर बोट ठेवून 'इथे बघ' म्हणणंही गेलं. राहिला कान आणि डोक्यात पाठ असलेली प्रत्येक ओळ. आणि तरीही याच काळात अमेरिकेच्या ऑर्केस्ट्रांमध्ये बसायची उमेद धरणारी मुलं एव्हन्स्टनची वाट धरत होती. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेले आणि नंतर ह्यूस्टनला मुख्य वादक झालेले मार्क नुचिओ तिथे त्यांच्याकडेच शिकले.

ज्यांनी हे वाद्य वाजवलंय, ऐकलंय, त्यांनी भर घाला.

कोकणकडा:

पावाताई, सुंदर लिहिलंय. मला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तरी त्या चार सुरांचं वर्णन वाचून कन्चेर्तो लावला आणि दोनदा ऐकला. एक शंका. आपल्याकडे गुरू आपली चीज, आपली बंदिश देतो, त्यामुळे घराणं ओळखू येतं. इथे सगळ्यांची स्वरलिपी तर छापीलच. मोझार्ट सगळ्यांचा सारखाच. मग परंपरा म्हणून नेमकं काय पुढे जातं? नुसतं तंत्र?

पावा:

कोकणकडा, प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे. स्वरलिपीत सूर आणि त्यांची लांबी मिळते. एका सुरातून दुसऱ्यात कसं जायचं, ओळीचा भार कुठे टाकायचा, कुठल्या सुरावर थांबल्यासारखं करून पुढे सरकायचं, हे कागदावर फार थोडं असतं. बोनाडनी रोझ यांचेच पाठ निवडून त्यांवर श्वासाच्या जागा, चढउतार, ओळीचे तुकडे अशा खुणा केल्या आणि ते वेगळे छापले. सूर रोझचे, खुणा बोनाडच्या. त्या खुणा म्हणजेच परंपरा, असं मी म्हणेन.

आणि ती ऐकू येते. इंग्लंडचे रेजिनल्ड केल सुरावर कंप देऊन वाजवायचे, गायकासारखा. जर्मनीत क्लॅरिनेटच्या चाव्यांची रचनाच निराळी, आवाज गडद. बोनाड-मार्सेलस मार्गातला सूर सरळ, एकसंध, कंपाशिवाय. थोडं ऐकलं की डोळे मिटूनही हा कुठला ते सांगता येतं.

बँडघर:

नमस्कार. आमचा सांगलीकडे बँड होता, आजोबांपासून. मी अजून वाजवतो, लग्नाच्या मोसमात आणि गणपतीत. आमच्याकडे क्लॅरनेट जुन्या साध्या चाव्यांचं. वडिलांनी शिकवलं ते असं: ते मागे उभे राहायचे, माझ्या बोटांवर त्यांची बोटं ठेवायची, आणि गाणं तोंडाने म्हणायचं. लिपी वगैरे काही नाही.

ताई, एक विचारतो. खालच्या पट्टीतून वर जाताना मधे एक जागा येते, तिथे आवाज फाटतो किंवा किंचाळतो. बासरीवाल्यांना हा त्रास नाही. शहनाईवाल्यांनाही एवढा नाही. मोठे लोक तिथे काय करतात?

पावा:

बँडघर, तुम्ही आलात याचा फार आनंद झाला.

ती जागा सगळ्यांनाच छळते, क्लीव्हलंडमध्ये बसणाऱ्यांनाही. कारण वाद्याच्या पोटात आहे. बासरी जोराने फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात बोलतो, म्हणून बोटं तीच राहतात. शहनाई निमुळती, खाली रुंदावणारी, तिचंही तसंच. क्लॅरिनेट मात्र सरळ नळी आणि पत्तीच्या बाजूने बंद. अशा नळीत सम संख्येचे स्वनक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, चौपट वेगाने कंप पावणारे वरचे सूर, जवळजवळ उमटतच नाहीत. त्यामुळे अंगठ्याची चावी दाबली की षड्जाचा वरचा षड्ज येत नाही, त्याच्याही पुढचा पंचम येतो. मग मधले सूर भरून काढायला जास्तीची भोकं, जास्तीच्या चाव्या. आणि खालच्या पट्टीचा शेवटचा सूर जवळजवळ सगळी बोटं उचलून वाजतो, तर त्याला लागून असलेला वरच्या पट्टीचा पहिला सूर सगळी बोटं टेकवून. अर्ध्या स्वराच्या पावलासाठी सगळे हात हलवायचे. नळीची लांबी एकदम बदलते, म्हणून आवाज फाटतो.

उपाय मी शिकले ते दोन. खालच्या पट्टीचे ते शेवटचे, घशातून आल्यासारखे सूर वाजत असतानाच उजव्या हाताची बोटं आधी भोकांवर टेकवून ठेवायची. सुरावर फारसा परिणाम होत नाही, उलट तो थोडा भरीव होतो, आणि पुढे जायला निम्मं काम झालेलं असतं. दुसरं, त्या क्षणी वारा कमी करायचा नाही. भीतीने आपण नेमकं तिथे श्वास आखडतो. साध्या चाव्यांच्या वाद्यावर बोटं थोडी वेगळी पडतील, पण तत्त्व हेच.

तुमच्या वाद्याबद्दल आणखी एक. ते जुनं म्हणून हिणकस नाही. इवान म्युलर नावाच्या वादकाने १३ चाव्यांचं क्लॅरिनेट १८१२मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीपुढे ठेवलं होतं. एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्या वाजवता येतील, हा त्याचा दावा. समितीने ते नाकारलं, कारण वेगवेगळ्या पट्टीच्या क्लॅरिनेटांचे वेगवेगळे रंग त्यामुळे पुसले जातील. पुढे त्याच रचनेतून साध्या चाव्यांचं वाद्य घडलं आणि बँडांतून जगभर गेलं. कर्नाटक संगीतातही क्लॅरिनेट चांगलंच रुजलंय. ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर गमकं आणली, त्यांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. भोकं बोटाने अर्धवट झाकून सूर घसरवायला उघडी भोकं फार उपयोगी पडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

निषाद:

लेख चांगला आहे, पण एका बाबतीत असहमत. मार्सेलस यांचा मोझार्ट मी पूर्वी खूप ऐकला, आता ऐकवत नाही. तो कन्चेर्तो मुळात बॅसेट क्लॅरिनेटसाठी आहे. श्टाडलरच्या वाद्याला नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा खाली आणखी काही सूर होते आणि मोझार्टने ते मुद्दाम वापरले. हस्तलिखित हरवलं. १८०१मध्ये छापताना कुणीतरी खालचे सूर वर उचलून साध्या वाद्यासाठी बेतून दिलं. मार्सेलस वाजवतात ती ही कापलेली आवृत्ती. झाबिने मायर यांचं ड्रेस्डेनच्या ऑर्केस्ट्राबरोबरचं बॅसेट क्लॅरिनेटवरचं ध्वनिमुद्रण ऐकलं की ओळी जिथे उतरायला हव्यात तिथे खरोखर उतरतात. मग १९६१च्या रेकॉर्डला आदर्श का म्हणायचं?

शिवाय 'मोठं काम शिकवण्यात झालं' हेही मला पटत नाही. शिकवलेलं विरून जातं. आज तुम्ही आम्ही मार्सेलसबद्दल बोलतोय ते ती रेकॉर्ड आहे म्हणून.

पावा:

निषादजी, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. मोझार्टने हाच कन्चेर्तो आधी बॅसेट हॉर्नसाठी (क्लॅरिनेटच्याच कुळातलं, खालच्या सुरांचं वाद्य) योजला होता, त्याचा १९९ बारचा (तालखंडांचा) हस्तलिखित तुकडा शिल्लक आहे, आणि त्यावरून खालच्या सुरांची कल्पना करता येते. झाबिने मायर यांचं वाजवणं मलाही प्रिय आहे. त्याही मोठ्या शिक्षिका, ल्यूबेकच्या संगीत महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. मोझार्टला काय हवं होतं हे जाणून घ्यायचं तर त्यांच्याकडे जावं. साध्या क्लॅरिनेटवर चार सूर सलग कसे जोडायचे हे शिकायचं तर मी अजून १९६१कडे जाते. आणि लक्षात घ्या, त्या काळी ऑर्केस्ट्रातल्या माणसाच्या हातात साधं ए-क्लॅरिनेटच असायचं. बॅसेट क्लॅरिनेट पुन्हा बनवून त्यावर हा कन्चेर्तो वाजवायची रीत पुढे रुळली.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हलणार नाही. रेकॉर्ड ऐकून सूर कसा हवा ते कळतं, तो कसा काढायचा ते कळत नाही. माझ्या शिक्षकांनी मला बोट सावकाश उचलायला लावलं, कित्येक आठवडे, दोनच सुरांवर, मी वैतागेपर्यंत. ते त्यांना त्यांच्या शिक्षकांनी लावलं, त्यांना मार्सेलसनी. हे कुठल्याही रेकॉर्डवर नाही. शिकवलेलं विरत नाही, ते कुणाच्या नावावर राहत नाही इतकंच.

तिन्हीसांज:

मी गाणं शिकवते, ख्याल. पाश्चात्त्य संगीत फार ऐकलेलं नाही, पण डोळे गेल्यावर शिकवण्याचा भाग वाचून राहवलं नाही.

वर्गात मी बरेचदा विद्यार्थ्याकडे पाठ करून तानपुरा लावत असते आणि मागे तो आकार लावतो. हनुवटी वर गेली की ऐकू येतं, आवाज मागे सरकतो, पातळ होतो. मांडी बदलून बसला की ऐकू येतं. श्वास अर्धवट घेतलाय हे सूर लागण्याआधीच कळतं, कारण घेण्याचा आवाज अपुरा असतो. समोर बघत असले की यातलं निम्मं सुटतं, कारण मी चेहऱ्याला भुलते. मूल मन लावून गातंय असं दिसतं आणि मी माफ करून टाकते. त्यामुळे मार्सेलस यांना बोटं दिसत नव्हती ही उणीव होतीच, पण त्यातून त्यांचा कान किती तासला गेला असेल हे मला कल्पनेने कळतं.

पावाताई, एक सांगा. वाजवण्यातली चूक बोटांची की श्वासाची, हे आवाजावरून वेगळं काढता येतं का?

पावा:

तिन्हीसांजताई, श्वास घेण्याच्या आवाजावरून कळतं हे वाचून मी माझंच ध्वनिमुद्रण पुन्हा लावून ऐकलं. अगदी खरं.

हो, वेगळं काढता येतं. बोट उशिरा पडलं तर दोन सुरांच्या मधे तिसराच सूर क्षणभर लागतो. भोक नीट झाकलं नसेल तर चीत्कार होतो किंवा सूर बोलतच नाही. वारा कमी पडला तर सूर लागतो, पण टोकाला जरा उतरतो किंवा चढतो आणि रंग विटतो. ओठ आवळले असतील तर सूर वर चढतो आणि चिमटल्यासारखा होतो. जीभ पत्तीवर जास्त टेकली तर सुराच्या आरंभी थप्प असा आवाज. आणि सगळ्यांत फसवी चूक म्हणजे विद्यार्थी एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी वाऱ्याचा छोटा धक्का देतो. त्याला वाटतं आपण भावपूर्ण वाजवतोय. बघणाऱ्यालाही तसं वाटतं, कारण तो डोलत असतो. डोळे मिटून ऐकलं की ओळ गचके खात चाललेली कळते. मार्सेलस यांच्या वळणात शिकलेले शिक्षक या धक्क्याच्या मागे हात धुऊन लागतात.

मांडवी:

गोव्याकडून थोडी भर. पाश्चात्त्य वाद्यं आपल्या भागात नुसती लष्करी बँडांतून आली नाहीत. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या शाळांतून घडलेले वादक मुंबईला गेले, हॉटेलांतल्या ऑर्केस्ट्रांत आणि पुढे सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत बसले. लिपी समोर ठेवली की पहिल्या नजरेत वाजवणारी ही माणसं. माझे आजोबा त्यांतले एक. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवत.

मुंबईत मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तेव्हा तंतुवाद्यांना माणसं मिळत, फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडकडे बघावं लागे. आज एनसीपीएच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियातही फुंकवाद्यांच्या रांगेत परदेशी चेहरेच जास्त दिसतात. ऑर्केस्ट्राची स्थापना २००६ची. मला याचं वाईट वाटतं. हुशारीची कमतरता नाही, बँडघर यांच्यासारखी माणसं गावोगाव आहेत. कमतरता आहे ती ओबो, बासून, क्लॅरिनेट ही फुंकवाद्यं लहानपणापासून रोज शिकवणाऱ्या शिक्षकाची. पावाताईंचा मुद्दा मला म्हणूनच पटतो. एक क्लोझे पॅरिसमध्ये तीस वर्षं बसला म्हणून शंभर वर्षांनी क्लीव्हलंड वाजलं.

कोकणकडा:

मांडवी, माझी भाची मुंबईत क्लॅरिनेट शिकतेय, अकरावीत आहे. घरात वाद चाललाय की पुढे परदेशी कॉन्झर्व्हेटरीत पाठवायचं का. यात पोट भरतं का? पावाताई, तुम्हीही सांगा.

पावा:

खरं सांगते, कारण इथे गोड बोलून उपयोग नाही. एका मोठ्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेटच्या तीन-चार खुर्च्या असतात आणि बसलेला माणूस उठत नाही. क्लीव्हलंडचंच बघा. मार्सेलस १९५३ ते १९७३. १९७६मध्ये फ्रँकलिन कोहेन आले ते २०१५पर्यंत. साठ वर्षांत जवळजवळ दोनच माणसं. एक जागा निघाली की देशभरातून, परदेशातून वादक निवडीला येतात आणि पडद्याआडून तेच ते उतारे वाजवतात: बेटोफेनची सहावी, मेंडेल्सोनचा स्केर्त्सो, ब्राम्सची तिसरी. मार्सेलस यांच्या काळापेक्षा आज स्पर्धा कितीतरी अधिक आहे. चांगल्या कॉन्झर्व्हेटरीतून बाहेर पडलेले बहुतेकजण शिकवतात, छोट्या ऑर्केस्ट्रांत फुटकळ कामं घेतात, काही दुसऱ्याच व्यवसायात जातात.

तरीही भाचीला रोज वाजवल्याशिवाय चैन पडत नसेल तर पाठवा. मात्र नावाजलेली संस्था बघून निर्णय घेऊ नका, शिक्षक बघून घ्या. आठवड्यातला तो एक तास ज्याच्यासमोर जातो त्याच्यावर सगळं आहे. आधी त्या शिक्षकाकडे एक धडा घेता येतो, बहुतेक ठिकाणी मागितला तर देतात. त्या धड्यात त्याने स्वतःबद्दल किती सांगितलं आणि तिच्या वाजवण्यात नेमकं काय बदललं, हे तिलाच विचारा. आणि तिने शिकवणं हा नाइलाजाचा पर्याय मानू नये, हे तिला आजच सांगा.

बँडघर:

ताई, उजव्या हाताची बोटं आधीच टेकवून बघितली. पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही, सगळं वाद्य हातातून निसटतंय असं वाटलं. आता दहांतल्या सातदा आवाज फाटत नाही. मुलाला पण लावलंय.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पावसाळ्यात पत्ती फुगते, जड होते, फुंकून छाती भरून येते. काय करावं? आणि ते रोझ यांचे पाठ लिपी न येणाऱ्याला शिकता येतील का?

पावा:

बँडघर, दहांत सातदा म्हणजे फार लवकर जमलं तुम्हाला.

पत्तीचं असं आहे की ती बोरूसारख्या पोकळ गवताची, पाणी ओढून घेणारच. वाजवून झालं की साध्या पाण्याने विसळा, चपटी बाजू काचेच्या तुकड्यावर टेकवून वाळवा, म्हणजे ती वाकडी होत नाही. एकच पत्ती रोज वापरू नका, तीन-चार आलटूनपालटून. पावसाळ्यासाठी नेहमीपेक्षा थोडी हलकी पत्ती ठेवा. लाकडाची काळजी पावसात करू नका. चांगली क्लॅरिनेटं आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाची असतात, आपल्या शिसवाच्याच कुळातलं झाड, ते ओल सोसतं. त्याला तडा जातो तो कोरड्या हवेत. एव्हन्स्टनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात घरं तापवतात तेव्हा जपावं लागतं. तुम्ही फक्त आतून पुसून, सांध्यांच्या बुचाला वंगण लावून ठेवा.

रोझ यांचे ३२ पाठ जुने आहेत, त्यांच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात. त्यात संथ आणि जलद पाठांच्या जोड्या आहेत. पहिला पाठ संथ, सी-मेजरमधला. तो मी सरगममध्ये उतरवून, मात्रा घालून इथेच टाकते, रविवारपर्यंत. सोबत सावकाश वाजवून ध्वनिमुद्रणही देते. तुमच्या वडिलांनी शिकवलं तसं मुलाच्या बोटांवर बोटं ठेवून तोंडाने म्हणत शिकवा, तेच उत्तम. श्वास घ्यायच्या बोनाडच्या जागांवर मी स्वल्पविराम देईन. मधे कुठे घेऊ देऊ नका त्याला.

तिन्हीसांज:

सरगम लिहिलीत की मलाही हवी आहे. गळ्यातून म्हणून बघते, आकारात कशी बसते ती ओळ.